हात लागला की थांबायचं

सिस्टर स्वतःविरुद्ध ओरडायच्या. बॉल घेऊन पळताना समोरच्या संघातल्या कुणाचं नख जरी त्यांच्या बाहीला घासून गेलं, तरी त्या जागच्या जागी थांबत, हात वर करत आणि "टच!" असं इतक्या जोरात ओरडत की पार्कात कुत्री फिरवणारे लोक वळून बघत. रेफरीने पाहिलेलं नसे. ज्याचा हात लागला त्यालाही बहुधा कळलेलं नसे. आमचे लोक कपाळाला हात लावत आणि सिस्टर शांतपणे म्हणत, "हात लागला की थांबायचं. कोण बघतो, कोण नाही बघत, ते नंतर." एकदा सुपरमार्केटच्या रांगेत त्यांच्या ट्रॉलीचा धक्का एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंना लागला, तेव्हाही त्यांनी सवयीने हात वर करून "टच!" म्हटलं होतं. त्या बाई घाबरून बिस्किटांच्या बाजूला निघून गेल्या.

खेळाचं नावच टच रग्बी. खऱ्या रग्बीत अंगावर झेप घालून माणसाला आडवं पाडतात, इथे नुसता हात लावायचा. हात लागला की बॉलवाल्याने थांबून बॉल गवतावर ठेवायचा आणि हात लावणाऱ्याने पाच मीटर मागे सरकायचं. सहादा हात लागला की बॉल समोरच्यांचा. आमचा संघ मिक्स्ड, म्हणजे मैदानावरच्या सहा जणांत निदान तीन बायका हव्यातच. पुरुष पैशाला पासरी मिळत, बायका मिळत नसत. सिस्टर एक, मारी नावाची त्यांची जुनी सहकारी दोन, आणि तिसरी मी.

मी त्यांना सापडले ती इंग्लंडात, ब्रॅकनेलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, गणपतीच्या कार्यक्रमाला. तेव्हा मला पुण्याहून वर्क परमिटवर येऊन दीड वर्ष झालं होतं. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी फोनकार्डावर आईशी बोलायचं, एवढाच कार्यक्रम होता. आरतीच्या वेळी शेजारच्या बाई भलत्याच चालीत पण एकही शब्द न चुकता म्हणत होत्या. चौकशी केली तर म्हणाल्या, मॉरिशसच्या. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून जहाजात बसून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले होते, आणि त्या स्वतः एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला इंग्लंडात आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर माझी बस सुटत होती म्हणून मी साडी गुडघ्यापर्यंत धरून पळाले आणि बस पकडली. पुढच्या स्टॉपवर एक लाल गाडी बसपुढे येऊन थांबली. त्या बाई उतरल्या, बसमध्ये चढल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "तुझा नी, हा गुडघा, चांगला आहे. रविवार काय करते तू?"

त्यांची मराठी अशीच होती. थोडी शाळेत शिकवलेली, थोडी आरत्यांतून आलेली, थोडी आजीच्या तोंडून ऐकलेली, आणि मधल्या फटींत इंग्रजी आणि मॉरिशसची क्रिऑल बोली. बाई, पुरुष, टेबल, पाऊस, सगळ्यांना एकच लिंग. मी पुण्याची असल्यामुळे चूक दाखवल्याशिवाय मला राहवत नसे. "सिस्टर, 'मी आला' नाही, 'मी आले'," असं मी सांगे, आणि त्या म्हणत, "पण आला ना मी? बस." सगळा संघ त्यांना सिस्टर म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ती त्यांची वॉर्डातली पदवी होती. तीस वर्षं त्यांनी मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली होती आणि निवृत्त झाल्यावरही पदवी तशीच राहिली.

छप्पन्नाव्या वर्षी ही बाई मैदानात का उतरली, ते मला पहिले दोन महिने कळलं नाही. मुलासाठी, एवढंच मारी म्हणाली होती. मुलगा किशन, सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, काटक, आमचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने बॉल घेऊन सुसाट सुटणारा. बोलायचा जवळजवळ नाही. संघाच्या मिनीबसमध्ये नेहमी ड्रायव्हरशेजारच्या सीटवर एकटा बसायचा. पहिल्या दिवशी मी हात पुढे केला तर तो माझ्या हाताकडे असा बघत राहिला, की मी तो खिशात घातला. टचडाउन केल्यावर, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवल्यावर, आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटायचो, तेव्हा तो दोन-तीन मीटर लांब उभा राहून स्वतःच टाळ्या वाजवायचा. मला वाटलं शिष्ट आहे. माझं असं फार पटकन वाटून होतं.

विसाव्या वर्षी त्याला आजार जडला होता. आवाज ऐकू यायचे, आणि त्या दिवसांपासून त्याला कुणाचा स्पर्श सहन होत नसे. आईचाही नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवायची सोय नाही. केस तो स्वतःच कापायचा, आणि ते तसे दिसायचेही. घराबाहेर पडणं बंद झालं होतं. एका उन्हाळ्यात घराजवळच्या पार्कात काही लोक टच खेळत होते, ते तो कुंपणापलीकडून बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या आत गेला. सिस्टरांनी त्याच आठवड्यात खेळाच्या नियमांचं पुस्तक मागवलं आणि चष्मा लावून पाठ केलं. या खेळात कोण कुठे आणि किती हात लावणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि लावणारा लगेच मागे जातो. किशनला तेवढं चालायचं.

सरावाला सिस्टर कायम किशनच्या समोर उभ्या राहत. संघातला सगळ्यात जलद तो आणि सगळ्यात हळू त्या. मी एकदा म्हटलंही, "सिस्टर, तुम्ही माझ्यासमोर या ना, त्याला मी अडवते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आठवड्यातून एक दिवस मला माझ्या मुलाला हात लावायला मिळतो. तो तुला कशाला देऊ?" त्यानंतर मी नीट लक्ष ठेवलं. इतरांना हुलकावणी देताना किशनचा वेग कधी कमी होत नसे. आई समोर आली की एक पाऊल, एकच, जरा लांबायचं. त्यांचा हात त्याच्या खांद्याला लागायचा. तो म्हणायचा, "टच," बॉल खाली ठेवायचा, आणि सिस्टर पाच मीटर मागे सरकायच्या. मागे जाताना त्या तो हात दुसऱ्या हातात धरून ठेवत. मी हे कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, आणि आज लिहितानासुद्धा मला स्वतःला पुरतं सावरता येत नाही.

'आजारी' हा शब्द त्यांच्या घरात नव्हता. "किशन आज आत आहे" किंवा "आज बाहेर आहे", एवढंच त्या म्हणत. आत म्हणजे वाईट दिवस, बाहेर म्हणजे बरा. संघात नव्या आलेल्या प्रत्येकाला त्या एकच ताकीद देत. मलाही दिली होती, पार्कच्या बाकावर बसवून, डब्यातली दालपुरी हातात ठेवून. ही त्यांची दालपुरी म्हणजे गूळ काढून टाकलेली आणि मिरचीची चटणी लावलेली पुरणपोळीच. "काही बोल त्याला. स्लो म्हण, स्टुपिड म्हण, पास दिला नाही तर शिवी दे. 'नॉट वेल' नाही म्हणायचं. तीस वर्षं मी ते फाइलमध्ये लिहिला. 'पेशंट सेज हिज ब्रदर टेक्स हिज लेटर्स. पेशंट इज नॉट वेल.' एकदा तो शब्द लिहिला ना, की मग तो माणूस काय बोलतो ते कोणी ऐकत नाही." मी चटणीने नाक पुसत मान डोलावली होती.

दर जुलैत कॉव्हेंट्रीजवळच्या एका मैदानावर बेटांच्या देशांची स्पर्धा भरायची. फिजी, सामोआ, टोंगा, माल्टा, जर्सी, त्रिनिदाद आणि आमचं मॉरिशस, सगळे इंग्लंडात राहणारे. दिवसभर खेळ आणि खाणं. फिजीचे निवृत्त मेजर ती चालवत. दाराएवढा रुंद, अतिशय प्रेमळ माणूस. नियम एकच कडक होता, की खेळाडूचा स्वतःचा, आईबापाचा किंवा आजी-आजोबांचा जन्म त्या बेटावरचा हवा. त्या नियमात मी बसत नव्हते. मी हे सांगितल्यावर सिस्टर म्हणाल्या, "माझा पणजोबा रत्नागिरीचा. तुझी आजी राजापूरची. मधे फक्त एक जहाज आहे. तुझे लोक चढले नाहीत, बस." मग मी त्यांची भाची झाले. माझ्या आजीसाठी एका उसाच्या मळ्यालगतच्या गावाचं नाव ठरलं, आणि मिनीबसमध्ये मी ते घोकून पाठ केलं. फॉर्म मात्र मारीने भरला. तो भरला जात असताना सिस्टर टॉयलेटला जाऊन आल्या. दरवर्षी, तिन्ही वर्षं, नेमक्या तेव्हाच. नखाचा स्पर्श कबूल करणाऱ्या बाईंना ते खोटं डोळ्यांनी बघवत नव्हतं, पण तिसरी बाई नसेल तर संघ नाही आणि संघ नसेल तर रविवार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पहिली दोन वर्षं आम्ही सपाटून हरलो. तिसऱ्या वर्षी किशन असा काही 'बाहेर' होता की बघत राहावं. जर्सीविरुद्ध त्याने चार टचडाउन केले, माल्टाविरुद्ध तीन. दुपारी आम्ही चक्क फायनलला होतो, फिजीसमोर. जेवणाच्या रांगेत टोंगाच्या एका मुलीने माझं कौतुक केलं आणि मी पाघळले. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आले तेव्हा रग्बीचा बॉल कधी पाहिलाही नव्हता, आमच्याकडे कुणी खेळतच नाही, असं फुशारकीने सांगत बसले. हातातली प्लेट खाली ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण काय बोललो. तोवर बोलून झालं होतं.

फायनलच्या दहा मिनिटं आधी मेजर हातात यादी घेऊन आले. आम्ही गोलात उभे होतो, सिस्टर बुटाची नाडी बांधत होत्या. मेजर फार अवघडून गेले होते. "लुक, मला विचारायलाच हवं. कुणीतरी म्हणतंय की तू भारतातली आहेस. तुझी नॅन कुठली?" मी न अडखळता त्या गावाचं नाव सांगितलं, वर आजी तिथे मळ्यात कशी काम करायची तेही सांगितलं. मेजरांचा चेहरा सैल झाला. त्यांनाही तेच हवं होतं. ते पेनाने यादीवर खूण करणार, एवढ्यात मागून किशनचा आवाज आला. "नो. शी इज फ्रॉम पुणे." त्याने हात वर केला होता, आईसारखाच, सरळ. "टच," तो म्हणाला.

मारीने डोळे मिटून घेतले. मेजर किशनकडे बघत होते, आणि मला फक्त एवढंच दिसत होतं, की अजून वेळ आहे, एक वाक्य बोललं तर हे सावरेल. शपथेवर सांगते, मला वाटलं मी त्याचाच खेळ वाचवते आहे. मी मेजरांकडे वळून, जरा हसून, म्हटलं, "डोन्ट माइंड हिम. ही'ज नॉट वेल."

आणि ते लागू पडलं. मेजरांच्या डोळ्यांत लगेच ती दया आली, त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि किशनवरून नजर काढून घेतली. क्षणापूर्वी तो एक माणूस होता आणि खरं बोलत होता. आता तिथे कुणी नव्हतं. सिस्टर नाडी अर्धवट सोडून उभ्या राहिल्या. त्या नुसत्या गप्प बसल्या असत्या तरी पुरलं असतं. फायनल, पुढचं वर्ष, रविवार, मुलाचा खांदा, सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्यांनी हात वर केला. "माझा मुलगा बरोबर बोलतोय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ती माझी भाची नाही. तिन्ही वर्षं नव्हती. माय फॉल्ट. टच." मग वाकून त्यांनी बॉल मेजरांच्या पायाशी ठेवला.

आम्हाला बाद केलं, आणि पुढच्या वर्षी येऊ नका असं मेजरांनी ओल्या डोळ्यांनी सांगितलं. परतीच्या वाटेवर सिस्टरांनी नेहमीसारखी दालपुरी वाटली. किशनखेरीज कुणी खाल्ली नाही. तो पुढच्या सीटवर बसून दोन खाऊन मोकळा झाला, म्हणून मी मनाशी म्हटलं की त्याला काही लागलेलं नाही. पुढच्या रविवारी पार्कात सिस्टर आणि मी, दोघीच होतो. मारी आणि इतर रागावले होते, तीन वर्षं पाण्यात गेली म्हणून. किशन लाल गाडीत बसून होता. सिस्टरांनी बॉल दाखवला, दार उघडलं, त्याला हाक मारली. तो समोरच्या काचेतून बघत राहिला. अर्ध्या तासाने त्या गाडी घेऊन गेल्या, आणि त्यानंतर तो कुठल्याच रविवारी घराबाहेर आला नाही.

माफी मागायला मला सहा आठवडे लागले. स्वयंपाकघरात त्या डाळ वाटत होत्या, वरच्या मजल्यावर किशनच्या खोलीचं दार बंद होतं. मी रडत रडत सांगितलं की माझ्यामुळे झालं. नाही म्हणून त्या माझी समजूत काढतील, असं मला कुठेतरी वाटत होतं. त्यांनी तसं केलं नाही. "हो, तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "खोटं बोलला त्याचं नाही. ते मी शिकवला. तू तो शब्द बोलला." मग त्यांनी हात थांबवला. "पण तुझ्याआधी मी बोलला. शंभर मुलांना. त्यांची आई बाहेर बाकावर बसायची, रडायची, आणि मी टी आणून द्यायचा. मला वाटायचं, मी चांगला नर्स." मग त्यांनी डाळ पुन्हा वाटायला घेतली आणि मला जेवूनच जायला लावलं.

पुढे मी बेसिंगस्टोकला नोकरी बदलली. पगार बरा होता, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं आणि ते कुणालाही पटेल असंच होतं. दर रविवारी दुपारी फोन करायचे. तिकडून एकच उत्तर यायचं, "आत आहे." एकदा त्या फार आनंदात म्हणाल्या, "आज खिडकीपर्यंत आला." आपल्या तब्येतीचं त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. मग एका फेब्रुवारीत मारीचा फोन आला. सिस्टर स्वयंपाकघरात पडल्या होत्या, हृदय बंद पडून. शेजारणीला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तेवढा सगळा वेळ किशन स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसून होता. त्याने फोन केला नव्हता, कुणाला हाक मारली नव्हती आणि आईला हातही लावला नव्हता. लगेच कुणी आलं असतं तर, असं काहीतरी डॉक्टर बोलले म्हणे. मारीने ते मला कशासाठी सांगितलं, ते मी तिला विचारलं नाही.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये पेटी उघडी ठेवली होती. सिस्टरांना लाल काठांची साडी नेसवली होती, ती त्यांना अजिबात शोभत नव्हती. त्यांना मी ट्रॅकसूटमध्येच पाहिलेलं. किशन, आता वॉर्डात दाखल केलेला, एका नर्सबरोबर आला होता, जाड झालेला, केस कुणीतरी नीट कापलेले. सगळ्यांनी फुलं वाहिली. तो भिंतीशी उभाच होता. नर्सने हळूच विचारलं, निघायचं का? तेव्हा तो चालत पुढे आला, पेटीपाशी थांबला आणि दोन बोटं आईच्या मनगटावर ठेवली. कितीतरी वेळ तशीच ठेवली. मैदानावर एवढा वेळ कुणी कुणाला हात लावत नाही.

"टच," तो म्हणाला. तोंड पेटीकडेच ठेवून तो नियमाप्रमाणे मागे सरकू लागला, ओठांतल्या ओठांत पावलं मोजत. पाचवं पाऊल मी उभी होते तिथे येत होतं. मी बाजूला झाले.